काशीच्या यात्रेतील पाचवे स्थान

जैन यात्रेकरूसाठी काशी ही चार तीर्थंकरांच्या कल्याणकांनी पुनीत झालेली भूमी आहे. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ भगवंतांचे जन्मस्थान भदैनी, तेविसावे पार्श्वनाथ भगवंतांचे भेलूपूर, अकरावे श्रेयांसनाथ भगवंतांचे सारनाथजवळील सिंहपुरी आणि आठवे चंद्रप्रभ भगवंतांचे चंद्रपुरी, जिला आज चंद्रावती म्हणतात. महाराष्ट्रातून सम्मेदशिखरजीला निघालेले संघ जाताना किंवा परतताना येथे एक-दोन दिवस मुक्काम करतात. पहाटे भेलूपूरला पूजा, नंतर भदैनी, दुपारी सारनाथ, वेळ असेल तर चंद्रावती, संध्याकाळी दशाश्वमेधाची आरती आणि मधल्या वेळात बनारसी साड्यांची खरेदी, असा कार्यक्रम ठरलेलाच असतो. या चार स्थानांच्या यादीत मला एक पाचवे स्थान जोडावेसे वाटते. तेथे शिखर नाही, मूर्ती नाही, पूजेची वेळही नाही. तरीही ज्या घरात व्यापार आहे आणि मुले आहेत, अशा प्रत्येक जैन घराने ते पाहून यावे.

अस्सी घाटावरून गंगेच्या काठाकाठाने उत्तरेकडे निघाले की तुलसी घाट लागतो, पुढे भदैनी घाट. नगराला पाणी पुरवणारे जुने पंपगृह तेथेच आहे. जानकी घाट, आनंदमयी घाट आणि वच्छराज घाट ओलांडला की जैन घाट येतो. पायऱ्या चढून गेले की सुपार्श्वनाथ भगवंतांचे मंदिर. याच भदैनी परिसरात गणेशप्रसादजी वर्णी यांनी १९०५ साली स्याद्वाद महाविद्यालय स्थापन केले. वर्णीजी जन्माने जैन नव्हते. त्यांनी काढलेल्या या विद्यालयात पुढे अनेक जैन पंडित घडले. काशीत संस्कृत विद्येची सर्व साधने असताना जैन मुलांना मात्र शास्त्र शिकण्याची नीट सोय नाही, ही खंत त्या काळी अनेकांच्या मनात होती. श्वेतांबर परंपरेत विजयधर्मसूरींनी यशोविजय जैन पाठशाळा काढली होती ती याच ओढीतून. त्या पाठशाळेत १९०४ साली काठियावाडातून एक विद्यार्थी आला. वय चोवीसच्या आसपास, संस्कृत शिकण्याची विलक्षण भूक आणि दोन्ही डोळ्यांनी पूर्णतः अंध. त्यांचे नाव सुखलाल संघवी.

त्यांचा जन्म ८ डिसेंबर १८८० रोजी सौराष्ट्रातील लिमली या लहान गावात, व्यापार करणाऱ्या स्थानकवासी जैन कुटुंबात झाला. शाळेत मुलगा हुशार निघाला. सातवी झाल्यावर त्याला इंग्रजी शिकण्याची इच्छा होती, परंतु असा चलाख मुलगा धंद्याला उपयोगी पडेल असे वडीलधाऱ्यांना वाटले आणि त्यांनी त्याला दुकानावर बसवले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची ही कहाणी आहे. गल्ल्यावर बसलेला तो पोरगा हिशेबात तयार होऊ लागला आणि सोळाव्या वर्षी त्याला देवी आल्या. त्या काळी देवीच्या साथीत जीव वाचला तरी डोळे जाणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हती. सुखलालजींचे तसेच झाले.

आता त्या घराच्या जागी आपले घर ठेवून पाहावे. ज्याच्या भरवशावर पेढी वाढवायची तोच मुलगा अंध झाला. दुकानात त्याचा उपयोग नाही, सोयरीक होणार नाही, परगावी धाडता येणार नाही. घरच्यांचे प्रेम कमी झाले नसेल, परंतु त्याच्याविषयीची कल्पना एका दिवसात आकसली. काल तो होतकरू व्यापारी होता, आज तो सांभाळण्याचे माणूस झाला. विशेष हे की त्याच्या स्मरणशक्तीत, जिज्ञासेत किंवा कष्टाळूपणात तिळमात्र फरक पडला नव्हता. बदलले होते ते पाहणाऱ्यांचे डोळे.

लिमलीत चातुर्मासासाठी साधू-साध्वी येत असत. त्यांच्याजवळ बसून या तरुणाने ऐकून ऐकून प्रकरणे, स्तोत्रे, कथा मुखोद्गत केल्या. पुढे काशीच्या पाठशाळेची वार्ता कानी आली आणि त्याने तेथे जायचे ठरवले. अंध मुलाने इतक्या दूर जाऊन काय करायचे, ही घरची धास्ती स्वाभाविक होती. तो गेला. हेमचंद्राचार्यांचे सिद्धहेम व्याकरण त्याने काशीत वृत्तीसह कंठस्थ केले. पाठशाळा सोडल्यानंतर मित्र व्रजलालजी यांच्यासह तो याच भदैनीत गंगेच्या काठी राहिला. पंडितांच्या घरी जाऊन न्याय, वेदान्त, अलंकार यांचे अध्ययन केले. नव्यन्याय शिकण्यासाठी मिथिलेत गेला. तेथील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. कडाक्याच्या थंडीत अंगावर असलेला एकमेव लोकरीचा स्वेटर गुरूंच्या मनात भरला, असे दिसताच सुखलालजींनी तो त्यांना देऊन टाकला आणि स्वतः गवताच्या आधाराने रात्री काढल्या. अंध मनुष्य म्हणजे ज्याला द्यायचे तो, अशी आपली सवय असते. मिथिलेच्या त्या घरात देणारा अंध होता आणि घेणारा डोळस.

सुखलालजींच्या कार्यातील एक ग्रंथ या लेखाच्या विषयाशी फार निकटचा आहे. सिद्धसेन दिवाकरांचे ‘सन्मतितर्क’ हे दीडशेच्या वर प्राकृत गाथांचे प्रकरण अनेकांतवादाचा पाया मानले जाते. त्यावर अभयदेवसूरींची सुमारे पंचवीस हजार श्लोकप्रमाण टीका आहे. तिला ‘वादमहार्णव’, म्हणजे वादांचा महासागर, असे नाव पडले ते उगाच नाही. भारतातील जवळजवळ सर्व दर्शनांची मते तिच्यात मांडून तपासली आहेत. गांधीजींनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात राहून सुखलालजींनी पंडित बेचरदास दोशी यांच्यासह या टीकेची पाच भागांतील चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हे काम कसे चालले असेल याचा विचार करावा. निरनिराळ्या भांडारांतून आलेली हस्तलिखिते समोर मांडलेली, एक जण पाठ वाचतो, दुसरा पाठभेद सांगतो आणि एक मनुष्य सर्व पाठ मनात धरून, कोणता पाठ कोणत्या दर्शनाच्या परिभाषेशी जुळतो याचा निर्णय करतो. ही मेहनत काही महिन्यांची नव्हती, वर्षानुवर्षांची होती.

अनेकांत समजावून सांगताना आपण पाठशाळेत मुलांना कोणती गोष्ट सांगतो? हत्ती आणि आंधळ्यांची. एकाला हत्ती खांबासारखा वाटला, दुसऱ्याला सुपासारखा, तिसऱ्याला दोरासारखा. ही गोष्ट फार जुनी आहे. बौद्धांच्या ‘उदान’मध्ये ती आहे आणि आपल्या मल्लिषेणसूरींच्या ‘स्याद्वादमंजरी’तही तिचा आधार घेतला आहे. दृष्टांत म्हणून ती उत्तम आहे यात शंका नाही. परंतु शतकानुशतके ती ऐकताना आपल्या मनात नकळत एक समीकरण पक्के झाले, की अंध म्हणजे अर्धवट समजणारा आणि डोळस म्हणजे पूर्ण जाणणारा. त्याच अनेकांताचा महाग्रंथ ज्याने विसाव्या शतकात शुद्ध करून आपल्या हाती दिला, तो पुरुष मात्र अंध होता.

वास्तविक अंध व्यक्तीच्या जीवनाकडे थोडे लक्ष देऊन पाहिले तर दृष्टांतातील आंधळ्यांहून तिची रीत अगदी उलट असते. एका स्पर्शाने वस्तू पूर्ण कळत नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून ती वस्तूभोवती हात फिरवते, विचारते, ऐकते, पुन्हा चाचपते आणि मग मत देते. उलट ज्याला दिसते तो एका नजरेत निर्णय करून मोकळा होतो. पांढरी काठी दिसली, चाकांची खुर्ची दिसली, कानातील यंत्र दिसले किंवा बोलताना अडखळणारी जीभ ऐकली, की त्याला वाटते आपल्याला माणूस कळला. हत्तीच्या पायाला हात लावून हत्ती म्हणजे खांब असे सांगणारा येथे कोण आहे, हे ज्याने त्याने ठरवावे. द्रव्य एक असते आणि त्याचे पर्याय अनंत असतात, असे आपण मानतो. अंधत्व, बहिरेपण, पांगळेपण हे त्या अनंत पर्यायांपैकी एकेक. एका पर्यायालाच पूर्ण द्रव्य समजणे यालाच आपल्या शास्त्राने एकांत म्हटले आहे.

आपल्या घरांतून आणखी एक वाक्य सहज उच्चारले जाते : ‘पूर्वकर्माचे फळ.’ कर्मसिद्धांत खरा आहे म्हणूनच तो नीट समजून घेतला पाहिजे. कर्माच्या आठ मूळ प्रकृतींमध्ये ज्ञानावरणीय वेगळे आणि दर्शनावरणीय वेगळे मानले आहे. चक्षुदर्शनावरण हा दर्शनावरणाचा केवळ एक भेद. डोळ्यांवरील आवरण म्हणजे ज्ञानावरील आवरण, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. अंध मनुष्य पंचेंद्रिय जीवांतच गणला जातो. शिवाय आपल्या परंपरेत शास्त्रज्ञानाचे नावच ‘श्रुत’ आहे, म्हणजे ऐकलेले. वलभीच्या वाचनेत आगम लिपिबद्ध होईपर्यंत शतकानुशतके ते कानांनी आणि स्मरणाने जपले गेले. त्या अर्थी ऐकून विद्या मिळवणारे सुखलालजी परंपरेच्या मुख्य प्रवाहातच उभे होते. राहिला प्रश्न दुसऱ्याच्या पूर्वकर्माचा. कोणाचे कोणते कर्म केव्हा उदयास आले हे केवली जाणोत. आपल्या हाती आहे ते आपले आजचे कर्म, आणि दुसऱ्याला दुःख दिल्याने असातावेदनीय बांधले जाते, हा नियम बोलणाऱ्यालाही लागू आहे.

आमच्या संघात बार्शीकडच्या एक काकी होत्या. पन्नाशीत काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. त्याआधी पतीच्या निधनानंतर त्यांनी साड्यांचे दुकान एकटीने चालवले होते. प्रवासात त्यांचा पुतण्या सोबत असे. दोन दिवस सर्व जण त्यालाच विचारत होते : ‘काकींना चहा चालेल का?’ ‘काकी दमल्या का?’ ‘त्यांना पायऱ्या जमतील का?’ काकी शेजारीच उभ्या असत. त्यांचे कान शाबूत होते आणि आवाजही चांगला खणखणीत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही साड्यांच्या एका पेढीवर गेलो. विक्रेत्याने रीतीप्रमाणे गादीवर साड्या उलगडल्या आणि पुतण्याकडे पाहून ‘शुद्ध हातमाग’ म्हणून एकेकीचे वर्णन सुरू केले. काकींनी हात पुढे केला. पदराच्या उलट्या बाजूवरून बोटे फिरवली, मग साडीच्या काठाच्या अगदी कडेला अंगठ्याचे नख हळूहळू सरकवत नेले. ‘भाऊ, हातमागावर कापड ताणून धरतात, तेव्हा कडेला पिनांची बारीक भोके राहतात. ती येथे नाहीत. बुट्ट्यांच्या मागचे धागेही कापलेले आहेत. ही यंत्रमागाची आहे. वाईट नाही, पण भाव त्याचा सांगा.’ विक्रेता क्षणभर थांबला. मग त्याने पुतण्याचा नाद सोडला आणि आतून वेगळा गठ्ठा मागवून तो काकींच्या पुढ्यात ठेवला. पुढचा अर्धा तास दोन जाणकार व्यापाऱ्यांमध्ये सौदा चालला होता. संघातील तीन जणींनी आपल्या साड्या काकींकडून तपासून घेतल्या. त्या संध्याकाळपासून चहाचे काकींना विचारू लागले.

हा बदल घडायला बनारसची पेढी लागावी, ही गोष्ट मला खटकत राहिली. साडी पारखता आली नसती तर काकींना चहाचे विचारायचे नव्हते काय? सुखलालजींसारख्या थोरांची उदाहरणे देताना नेमका हाच धोका असतो. अंध व्यक्तीने महापंडित व्हावे, पाय नसलेल्याने पर्वत चढावा, तेव्हा आम्ही त्याला नमस्कार करू, असा जणू अलिखित करार आपण करून ठेवतो. डोळस माणसावर अशी अट कोणी घालत नाही. सामान्य बुद्धीचा, कधी कंटाळणारा, कधी चुकणारा डोळस मुलगा दुकानावर सहज सामावून जातो. तेवढेच सामान्य असण्याचा अधिकार अपंग मुलालाही हवा. २०११च्या जनगणनेत आपल्या देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले. एवढ्या मोठ्या समुदायात पंडित थोडेच असणार, बाकी सारे तुमच्याआमच्यासारखेच.

काशीतील ते पाचवे स्थान आता सांगतो. बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरापासून जवळच, करौंदी भागात, पार्श्वनाथ विद्यापीठ आहे. १९३७ साली पार्श्वनाथ विद्याश्रम या नावाने ही संस्था उभी राहिली ती सुखलालजींच्या प्रेरणेने आणि व्यापारी जैन श्रावकांच्या दानातून. त्यापूर्वी १९३३ साली सुखलालजी बनारस हिंदू विद्यापीठात जैन दर्शनाचे अध्यापक म्हणून रुजू झाले होते. जेथे एके काळी विद्यार्थी म्हणून गुरूंच्या घरांचे उंबरे झिजवले, त्याच नगरीत १९४४पर्यंत ते प्राध्यापक म्हणून राहिले. दलसुखभाई मालवणियांसारखा शिष्य येथेच त्यांच्या हाताखाली तयार झाला. दुकानामुळे बालपणी राहून गेलेले इंग्रजीही त्यांनी सोडले नाही. पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात राहून ते शिकले. पुढे १९५८ साली ‘दर्शन अने चिंतन’ या गुजराती ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९७४ साली पद्मभूषण झाले. १९७८ साली, सत्याण्णवाव्या वर्षी, अहमदाबादेत त्यांनी देह ठेवला.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथांनी भरलेल्या कपाटांसमोर उभे राहिले की एक प्रश्न सुचतो. या मनुष्याला नेमके काय मिळाले म्हणून हे सर्व घडले? स्वतःची बुद्धी आणि जिद्द तर होतीच. त्याखेरीज त्याला वाचून दाखवणारे आवाज मिळाले. गुरूंनी अंध म्हणून दाराबाहेर ठेवले नाही आणि अंध म्हणून अभ्यासात सूटही दिली नाही. व्रजलालजींसारखा बरोबरीने शिकणारा मित्र मिळाला. काम आणि कामाचा मोबदला मिळाला. यांतील एकही गोष्ट चमत्कार नाही. प्रत्येक गोष्ट कोणत्याही गावचा संघ, कोणतीही पेढी, कोणतेही घर देऊ शकते.

आपला समाज दानात कधी मागे राहिला नाही. जयपूर पायाची शिबिरे, शस्त्रक्रियांची शिबिरे, श्रवणयंत्रांचे वाटप यांत जैन व्यापाऱ्यांचा वाटा मोठा आहे आणि तो वाढावा. परंतु शिबिरात ज्याला कृत्रिम पाय दिला, तो चालत आपल्या दुकानात नोकरी मागायला आला तर काय होते, हा खरा कस आहे. आज संगणकावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणाली सहज मिळतात. जमाखर्च, मालाची मागणी, फोनवरची उधारीची वसुली ही कामे न दिसणारा मनुष्यही करू शकतो. न ऐकू येणारा मनुष्य माल मोजणे, बांधणे, दागिने घडवणे यांत कोणाला हार जात नाही. एकदा तीन महिने कामावर ठेवून पाहावे, इतरांच्या मापाने मोजावे आणि इतरांइतकाच पगार द्यावा. जमले नाही तर सांगावे, जसे इतरांना सांगतो. अपंग आहे म्हणून नकार, किंवा अपंग आहे म्हणून केवळ कृपा, यांपेक्षा हे अधिक सन्मानाचे आहे.

मंदिर आणि स्थानकाचेही तेच. जीर्णोद्धार करताना लाखांचा संगमरवर येतो, त्यात पायऱ्यांच्या बाजूला एक उतरण आणि कठडा सहज बसतो. चाकांच्या खुर्चीवरील श्रावकाला चार जणांनी उचलून आत नेण्यात सेवा आहे खरी, पण स्वतःच्या इच्छेने येण्या-जाण्यात त्याचे स्वातंत्र्य आहे. पाठशाळेत मंदगतीने शिकणारे मूल असेल तर त्याला स्पर्धेच्या दिवशी घरी ठेवू नये. परिचय-मेळाव्यात अपंग मुलामुलींची नावे शेवटच्या पानावर, वेगळ्या रकान्यात छापू नयेत. आणि घरी पाहुणे आल्यावर जे मूल आतल्या खोलीत असते, त्याला बाहेर बसवावे. ‘दिव्यांग’, ‘प्रज्ञाचक्षू’ हे शब्द आदराचेच आहेत, परंतु ज्याला आपण इतके मोठे नाव दिले त्याच्याशी थेट बोलायला मात्र विसरलो, तर नावाचा उपयोग काय? जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. त्या आधारात एक पक्ष कायम देणारा आणि दुसरा कायम घेणारा, अशी विभागणी सूत्रकारांनी केलेली नाही. सुखलालजींनी त्याच सूत्रावर विवेचन लिहिले आहे.

यंदा शिखरजीच्या वाटेवर काशीला मुक्काम पडला तर चार कल्याणकभूमींची वंदना करून अर्धा दिवस राखून ठेवावा. भदैनीच्या पायऱ्यांवर थोडे बसावे आणि तेथून रिक्षाने करौंदीला जावे. मुले सोबत असावीत. त्यांनी हत्तीची गोष्ट पाठशाळेत ऐकलेली असेलच. तिच्यापुढची गोष्ट त्यांना तेथे सांगावी, सन्मतितर्काची आणि तो शुद्ध करणाऱ्या पंडितांची. जाताना तिकिटे काढायच्या वेळी, दिसत नाही किंवा चालता येत नाही म्हणून घरी राहणार असे आपण परस्पर ठरवून टाकलेले जे कोणी असेल, त्याला आधी विचारावे, यायचे आहे का.